देवकीकाकूंच्या फोटोवरचा हार

खुशी अकरा वर्षांपासून तिसरीत होती. तिला टीव्हीवर पाहत पाहत जेवलेली पोरं केव्हाच मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली, पण मोसंबीपूरच्या शाळेतली खुशी जागची हलली नाही. तिच्या डाव्या वेणीची रिबीन लाल आणि उजव्या वेणीची पिवळी. का, तर पहिल्या भागात रंगवणाऱ्याचा हात चुकला होता. कामिनीने ती चूक रजिस्टरात लिहून घेतली, आणि लिहून घेतल्याबरोबर ती चूक राहिली नाही, खुशीची आवड झाली.

कामिनीचं कामच ते. धरमपेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही कार्टून मालिका बनायची, आणि मोसंबीपुरात काय आहे, काय नाही, याचा हिशेब कामिनीकडे असायचा. विहिरीला पायऱ्या किती, सरपंचाच्या मिशीचा कोणता कोपरा वर, कोणाच्या गाईचं नाव काय. बाकी सगळे कॉम्प्युटरवर होते. ही लाल कापडी पाठीच्या रजिस्टरावर. अशी सात रजिस्टरं भरली होती. तिचे नियम दोनच. रजिस्टरात आहे ते खरं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. बदल झाला तर खाली नवी नोंद करायची. या दोन नियमांच्या जोरावर तिने अकरा वर्षं लोकांना बरंच छळलं होतं. पात्रांच्या मागची दृश्यं रंगवणाऱ्या सुशीलला तर तिने एकदा सदऱ्याच्या एका बटणापायी सगळ्यांदेखत असं झापलं की तो आठवडाभर डबा गच्चीवर जाऊन खात होता. स्वतःच्या चुका मात्र तिने कधी कोणाला दाखवल्या नव्हत्या. लोक समजत, नसतीलच.

एक होती. सातपैकी चौथ्या रजिस्टरात.

तीनशेवा भाग जवळ आला तशी चॅनलकडून मेघा नावाची नवी बाई आली. हुशार होती, आणि सगळे भाग पाहून आली होती, म्हणून जास्तच धोक्याची.

"पात्रं वाढली पाहिजेत," ती पहिल्याच बैठकीत म्हणाली. "खुशी राहू द्या आठ वर्षांची. पण कवडूकाका बघा. आधी केवढा हसरा माणूस! विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो, गाणी म्हणतो, बायकोच्या शिव्या खातो. आणि मग एकदम गप्प. एकटा जेवतो. भिंतीवरच्या फोटोकडे बघतो. सहा वर्षं! तीनशेव्या भागात आपण त्याचं दुःख उघडू. देवकीकाकू कशाने गेल्या?"

दिग्दर्शक सौरवने कामिनीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ती सवय तिनेच लावली होती.

"बघून सांगते," कामिनी म्हणाली. अकरा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

बघायचं काय होतं! तिला पानसुद्धा पाठ होतं.

एकशे अठरावा भाग दसऱ्याचा होता. कवडूकाकाने घरातलं सगळं लोखंड पुजलं, मोटरसायकल, पाने, पंप. सुशीलने झेंडूचा एक हार काढला आणि कॉम्प्युटरवर जिथे जागा दिसेल तिथे चिकटवत गेला. दाराला, पंपाला, मोटरसायकलला, आणि त्याच भरात भिंतीवरच्या फोटोलाही. फोटो देवकीकाकूंचा, लिंबाच्या लोणच्याला बचत गटाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाचा. जिवंत बाईच्या फोटोला हार! कामिनीने ते चित्र तपासून सही केली होती. तिने हार मोजले होते, अकरा. कोणत्या वस्तूला आहेत ते पाहिलं नव्हतं.

पुढे तेच चित्र पुन्हा पुन्हा वापरात आलं. बाकीचे हार काढले, फोटोवरचा राहिला. नेमकं त्याच वेळी देवकीकाकूंना आवाज देणाऱ्या प्रयागबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तीन भागांत काकू नव्हत्याच. चौथ्या आठवड्यात उमरेडहून एका मुलीचं पत्र आलं. 'देवकीकाकू कशाने वारल्या? आमच्या आजीने टीव्हीपुढे हात जोडले.'

पत्र घेऊन सौरव आला. तेव्हा तो नवा होता, कामिनीला दबकून असायचा. "ताई, काकूंना आपण केव्हा मारलं?"

'माझ्या नजरेतून सुटलं.' एवढे तीन शब्द. समोर सुशील बसला होता, त्याचं बटणाचं प्रकरण होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. कामिनी म्हणाली, "रजिस्टरात आहे की." मग आत जाऊन, दुसऱ्या पेनाने, वरच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत तिने लिहिलं: 'भाग ११८ पासून देवकीकाकू हयात नाहीत.' शाई वाळली आणि एक बाई गेली.

ती चित्रातली. खरी बाई शहरातच, जरीपटक्यात राहत होती. महिनाभराने प्रयागबाईंचा फोन आला होता. "काहून वं कामिनी, डोळे तं आले माझे, बोलावणं नाही आलं?" आणि कामिनीने सांगितलं होतं की गोष्टीचं वळण बदललं आहे, कळवू. कळवलं नाही. वर्षभराने कवडूकाकांचा आवाज देणाऱ्या रुपरावांकडून समजलं की प्रयागबाईंनी झाडीपट्टीतली, गावोगावच्या मंडईच्या जत्रांत होणारी नाटकंही सोडली. 'आवाज फाटला म्हणून कार्टूनवाल्यांनी काढलं, आता मंडईतल्या नाटकात तरी कायले तोंड दाखवू,' असं म्हणाल्या म्हणे. कामिनीने ते ऐकलं आणि त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत सरपंचाच्या मिशा तपासत बसली.

आता तिने देवकीकाकूंसाठी मरण शोधायला घेतलं. साप म्हणावा, तर एकाहत्तराव्या भागात काकूंनी स्वतः नाग पकडून मडक्यात घातला होता. ताप म्हणावा, तर गावात चाळिसाव्या भागापासून डॉक्टर होता, आणि तो काकूंचा भाचा. विहीर म्हणावी, तर काकू पट्टीच्या पोहणाऱ्या. कामिनीच्याच सात रजिस्टरांनी बाईला असं चहूकडून राखलं होतं की मरायला वाट नव्हती.

त्यात मेघाने एक कागद हातात दिला. "काकांच्या स्वप्नाचा प्रसंग घालतोय. काकूंचे जुने आवाज वापरायचे, त्यासाठी त्या बाईंची सही लागेल. तुमची ओळख आहे ना? तुम्हीच जा."

जरीपटक्याच्या बाजारात प्रयागबाईंच्या भाच्याचं लेस-फॉलचं दुकान होतं. त्या गल्ल्यामागे स्टुलावर बसल्या होत्या, अंगाने अर्ध्या झालेल्या. एक गिऱ्हाईक निळी लेस मागत होतं आणि त्या न बोलता बोटाने थान दाखवत होत्या. ही तीच बाई, जिचा आवाज माईक बंद पडला तरी शेवटल्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला उठवायचा.

"अवं बाप्पा, कामिनी!" हाक पण कुजबुजल्यासारखी. "बस. वाळून गेली वं तू. खाऊ-पिऊ देत नाहीत का तुझे ते चित्रवाले?"

कामिनीने कागद पुढे केला. स्वप्नाचं सांगितलं. प्रयागबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"म्हणजे देवकी मेली आहे?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी पाहणंच सोडलं ना. मले वाटलं, दुसरी कोणी बसवली माझ्या जागी. चांगल्या आवाजाची." त्या हसल्या. "बरं, काय झालं होतं मले?"

कामिनीने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तिला कळलं, की हाच प्रश्न उमरेडच्या मुलीने विचारला होता, मेघाने विचारला होता, आणि आता मेलेली बाई स्वतः विचारत होती. तिने सांगून टाकलं. दसरा, अकरा हार, फोटो, सौरव, दुसरं पेन. आवाजाचा काही संबंध नव्हता हे दोनदा सांगितलं. भाचा लेस मोजता मोजता थांबला.

प्रयागबाई आधी हसल्या. चांगल्या खदखदून हसल्या, पदर तोंडाशी धरून. "फोटोले हार! अन् अकरा मोजले!" मग हसू ओसरलं, आणि बराच वेळ त्या काउंटरवरची लेस गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाली की सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

"सहा वर्षं मी फोनवर बी हळू बोलून राहिली वं," त्या म्हणाल्या. "कोणाले माझा फाटका आवाज ऐकू नये म्हणून. देवळात आरती म्हणत नाही. नाटक मंडळवाले तीनदा येऊन गेले दारात, मी यालेच सांगितलं, मावशी झोपली म्हण."

"माझं चुकलं," कामिनी म्हणाली. ते पायातल्या चपलांकडे पाहून म्हटल्यामुळे चपलांनाच पोचलं असावं.

"एक सांग. देवकी मेली असं कोणी तोंडानं म्हटलं का? कवडू? खुशी? कोणी?"

कामिनीला दोनशे एक्क्याण्णव भाग पाठ होते. "नाही. लहान पोरांची मालिका, मरणाचं नाव घ्यायचं नाही असा नियम आहे."

"मंग मी मेली कोठी?"

"माझ्या रजिस्टरात."

"तं खोड."

"खोडता येत नाही. तो नियम..." कामिनी थांबली. "तो माझाच आहे."

"मोठी आली नियमवाली!" प्रयागबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि चढता चढता मध्ये चिरकला. त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "जित्या बायकोच्या फोटोले हार घातला माझ्या नवऱ्यानं, तं मी एक दिवस राहीन का त्या घरात? पिशवी उचलून नरखेडले माहेरी! बस म्हणीन एकटा, खा तुह्या हातचं!"

"सहा वर्षं?"

"माझ्यासारखी असंन तं सहा."

कागदावर त्यांनी सही केली नाही. "मेलेल्या बाईची सही कायले पाहिजे," म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कामिनीने चौथं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. दोन ओळींमध्ये दाटीने बसवलेली, वेगळ्या शाईची ओळ एकदा बोट ठेवल्यावर शाळकरी पोरालाही कळली असती. सहा वर्षं कोणी बोट ठेवलं नव्हतं, कारण बोट ठेवण्याचं काम तिचं होतं.

"म्हणजे माझ्या एका हारानं बाई मेली?" सुशीलचे डोळे मोठे झाले.

"तुझ्या हारानं नाही. तू चिकटवलास. मी पाहिलं नाही. आणि पाहिलं तेव्हा लिहिलं."

"ताई, मले त्या बटणासाठी..." सुशील म्हणाला. न बोललेलं वाक्य सगळ्यांनी आपापल्या मनात पूर्ण केलं.

मग कामिनीने नरखेडचं सांगितलं. दसऱ्याच्या भरात कवडूकाकानेच फोटोला हार घातला, काकू रागाने माहेरी गेल्या, आणि तो हार काढायचीही त्याची हिंमत झाली नाही. मेघा पेन फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे हा माणूस सहा वर्षं दुःखी नव्हता. ओशाळा होता." तिने मागचे प्रसंग मनात चालवून पाहिले असावेत. "बसतंय. सगळं बसतंय. कुठेच काही बदलावं लागत नाही."

कामिनीला ते माहीत होतं. गुन्हेगाराचा चेहरा कसा दिसतो याचा तिच्याइतका अभ्यास त्या खोलीत कोणाचा नव्हता.

सौरव मात्र रजिस्टराचं पान न्याहाळत होता. "ताई, अशा आणखी किती ओळी आहेत?"

"एवढीच."

"बरं," तो म्हणाला. पण बाकीची सहा रजिस्टरं तो स्वतःच्या टेबलावर घेऊन गेला, आणि कामिनीने ती उचलून द्यायला मदत केली.

प्रयागबाई रेकॉर्डिंगला आल्या त्या भाच्याच्या स्कूटरवर, नवं लुगडं नेसून. रुपरावांचं काम सकाळीच झालं होतं, त्यामुळे समोरच्याची वाक्यं वाचायला नेहमीप्रमाणे कामिनी बसली. ती मुद्दाम सपाट वाचायची, म्हणजे कलाकाराला तिचा सूर लागत नाही.

प्रसंग साधा होता. नरखेडच्या अंगणात काकू मोसंब्या निवडत बसल्या आहेत. काका फाटकाशी उभा राहून म्हणतो, देवकी, माझी चूक झाली. काकू म्हणतात, चाल घरी, पंपाच्या हातानं स्वैपाक केला असशील.

"देवकी, माझी चूक झाली," कामिनीने वाचलं.

काचेपलीकडे प्रयागबाईंनी चष्मा सारखा केला.

"काकू, तुमचं वाक्य," सौरव म्हणाला.

"मले ऐकू नाही आलं. अजून एकदा."

कामिनीने पुन्हा वाचलं.

"हे तं भाजीची यादी वाचून राहिली. अजून एकदा."

तिसऱ्या वेळी सौरव काही बोलायला गेला, पण मेघाने त्याच्या हातावर हात ठेवला. चौथ्यांदा कामिनीचा आवाज सपाट राहिला नाही. पाचव्यांदा तिने कागद खाली ठेवला. सहाव्यांदा प्रयागबाई म्हणाल्या, "चपलांशी नको बोलू वं, इकडे पाहून बोल," आणि कामिनीने मान वर केली. काचेपलीकडे चष्म्याच्या जाड भिंगामागचे डोळे तिच्यावरच होते, जराही न हलणारे.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. 'देवकी' म्हणायचं राहून गेलं.

प्रयागबाई अजून थोडा वेळ पाहत राहिल्या. मग माईककडे वळल्या आणि एका दमात म्हणाल्या, "चाल घरी. पंपाच्या हातानं स्वैपाक केला असशील."

आवाज पूर्वीचा नव्हता. मध्येच कापला, 'स्वैपाक'वर जरा घसरला. सौरवने मशीन थांबवलं. "काकू, छान. फक्त तो कंप... एकदा परत घेऊ का? जुन्या भागांशी जुळायला हवं."

सगळ्यांनी सवयीने कामिनीकडे पाहिलं, आणि मग काहीतरी आठवून नजर वळवली.

"रजिस्टर द्या," कामिनी म्हणाली.

सौरवने क्षणभर विचार केला, मग चौथं रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. मधल्या जागेत नाही, सर्वांत खाली, सगळ्यांसमोर तिने लिहिलं: 'भाग ११८, फोटोवरील हार: चूक माझी, कवडूकाकांची नाही. देवकीकाकू हयात आहेत. आवाज आता थोडा कापतो. यापुढे कायम.'

खाली सही केली, आजची तारीख घातली, आणि रजिस्टर सौरवकडे परत दिलं.