चिमीचं बोट

रांग जिना उतरून रस्त्याला लागली होती. कुणाची सून रुसलेली, कुणाचा खटला रखडलेला, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला. सगळ्यांना उत्तर हवं होतं ते नऊ वर्षांच्या चिमीच्या बोटाकडून. चिमीला जन्मात एक शब्द बोलता आला नव्हता. आई तिचं मनगट धरायची आणि बोट समोरच्या तक्त्यावर एकेक अक्षर दाखवत जायचं.

"ही पोर बोलत नाही मंडळी, हिच्यातून वरचा बोलतो!" चिमीचा मामा गर्जत होता. "जीभ खोटं बोलेल, बोट बोलणार नाही!" त्याची स्वतःची जीभ सकाळपासून टाळ्याला लागली नव्हती.

चिमीच्या बापाचं चष्म्याचं दुकान. पहिल्या दिवशी तोही ढसाढसा रडला होता. त्या दिवशी बोटाने लिहिलं होतं, 'आई, तुझी चूक नव्हती.' तान्ही चिमी तापाने फणफणली तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे शल्य बायकोने इतकी वर्षं उराशी बाळगलं होतं. त्या रात्री ती शांत झोपली. असं काही हाती लागल्यावर ते कोण तपासून बघतो? तोही गप्प बसला.

मग बोटाने लिहिलं, 'गोळ्या नकोत.' फिट्सच्या त्या गोळ्यांनी पोर गुंगून पडायची, आईला ते बघवत नसे. गोळ्या बंद झाल्या. परवा भर गर्दीत चिमीला फिट आली, तर "शक्ती संचारली!" म्हणत मामाने लोकांना हात जोडायला लावले. बापाने लेकीला कुशीवर वळवलं, लाळ पुसली आणि त्यानंतर तो नीट बघू लागला. डोळे बघणं हा तर त्याचा धंदाच. बोट अक्षरांवरून धावत असताना चिमीची नजर छताच्या पंख्यावर असायची. तक्त्याकडे बघत असायची ती फक्त तिची आई.

आज तो काळा पुठ्ठा घेऊन आला.

"दुकानात मी एक डोळा झाकून दुसरा तपासतो. इथेही तसंच करू."

"दाजी, संशय आला की शक्ती मागे हटते," मामा गुरगुरला.

"तुझी शक्ती पुठ्ठ्याला कधीपासून घाबरायला लागली?"

रांगेत खसखस पिकली.

"करू दे रे दादा," बायको म्हणाली. "माझी चिमी देईल उत्तर."

बापाने दोघींच्या चेहऱ्यांमध्ये पुठ्ठा धरला. चिमीच्या बाजूला मांजराचं चित्र, आईच्या बाजूला घड्याळाचं. एकीचं दुसरीला दिसत नव्हतं.

"चिमी, काय दिसतंय बाळा?"

बोट सरकलं. घ, ड, य, ळ.

"घड्याळ! बघा!" आईच्या बाजूने बघणारा मामा ओरडला. बापाने पुठ्ठा फिरवून सगळ्यांना मांजर दाखवलं. पुन्हा चित्रं बदलली. चिमीपुढे मासा होता, आईपुढे छत्री. बोटाने छत्री लिहिली. शेवटी त्याने आईची बाजू कोरी ठेवली, तेव्हा बोट जागचं हललं नाही.

"अहो, मी नाही हलवलं! शपथ!" बायको पांढरीफटक पडली.

"ठाऊक आहे गं. तू फसवलं नाहीस. मनात तीव्रतेने आलं की हात नकळत तिकडे झुकतो. गोळ्या नकोत हे तुझ्या मनात होतं."

"शक्तीने परीक्षा घेतली!" मामाने आवाज चढवला आणि निम्म्या रांगेने मान डोलावली. साहजिकच होतं. उत्तरासाठी कासावीस झालेलं मन शांततेलाही आवाज देतं. एक खरं ठरलेलं जपतं, दहा चुकलेली विसरतं.

बायकोने चिमीचं मनगट सोडलं.

"मग मला माफ कुणी केलं?"

"तूच. आणि चूक खरंच नव्हती तुझी."

"माझंच मी म्हटलेलं, त्याचा मला काय उपयोग हो?"

त्याने पुठ्ठा खाली ठेवला. तेवढ्यात चिमीने आईच्या कोपरावर हनुवटी घासली. पाणी मागायची ही तिची लहानपणापासूनची खूण. मनगट धरायला लागल्यापासून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. आईने रडत रडत पेला तिच्या ओठांना लावला आणि पाण्याबरोबर गोळीही दिली.

बाप रांगेकडे वळला. "मंडळी, घरी जा. जे कळत नाही ते तपासून बघा, ज्याला कळतं त्याला विचारा. आणि एखाद्या लेकराच्या तोंडी देव घालण्याआधी त्याला तहान लागली आहे का, तेवढं बघा."

चिमी घटाघटा पीत होती. सकाळपासून तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं.