पुनवेची सुई

मी बोलतेय, एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यातली काचेची सिरिंज. लोक मला नुसतं 'सुई' म्हणतात. खरी सुई माझ्या टोकाला बसते, टोचते ती, आणि पोरं शिव्या घालतात मला. पण मी मनावर घेत नाही. मोठ्या कामात थोडी बदनामी सोसावीच लागते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते उकळतं पाणी. माणसं एखाद्या पर्वणीला नदीत बुडी मारतात आणि वर्षभर मिरवतात. मी रोज सकाळी उकळून निघते, तर मी थोडं मिरवलं म्हणून कुठं बिघडलं?

मी आले सुरय्याबाईंच्या हाती. मूल गावच्या एका शिंप्याची ही मुलगी नर्सिंग शिकून थेट या रानात आली होती. बापाने म्हणे निघताना भीती घातली होती, "तिकडं वाघ हायेत." तर ही म्हणाली, "वाघाईचं वाघाईले पाहू द्या, अब्बा. मी मानसाईसाठी जाऊन राह्यली."

छप्पन सालच्या थंडीत कोसमटोल्याचा वारलू आपल्या दहा वर्षांच्या बुधरीला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. पोरीचा आधी घसा दुखला, मग ताप भरला, मग गुडघा सुजला. गुडघा उतरला तर कोपर टरारून आलं. सोबत थोरली बहीण कमळा होती. लहानपणी तिचंही असंच झालं होतं. तेव्हा पाल्याचा लेप लावला, सांधे बरे झाले आणि सगळे विसरले. आता ती अठरा वर्षांची होती, पण विहिरीवरून पाणी आणताना चार जागी बसायची.

डॉक्टरांनी दोघींची छाती तपासली. "हा आजार सांध्यांतून निघतो आणि काळजात घर करतो," ते म्हणाले. "थोरलीच्या बाबतीत उशीर झाला. धाकटीचं काळीज अजून चांगलं आहे. दर महिन्याला एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. तरच ते तसं राहील."

मग सुरय्याबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "पण ही जंगलातली माणसं, महिन्याच्या महिन्याला कुठली यायला? औषध मुश्किलीने मिळतं. चांदा शहरातल्या मुलांना दिलं तर सार्थकी तरी लागेल."

"चांद्याच्या पोराचं काळीज अन् हिचं काळीज, दोन्ही सारखेच ना, साहेब? थे नाई आली तं मी जाईन."

डॉक्टर मनाचे वाईट नव्हते, थकलेले होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण एकही महिना चुकला तर औषध चांद्याला जाईल."

कोसमटोल्यात तारीख कोण पाहतो? चंद्र मात्र सगळे पाहतात. म्हणून बाईंनी ठरवून टाकलं की दर पुनवेला सुई. मी डब्यात बसायची, बाई डबा पिशवीत घालायच्या आणि दोन कोस पायी निघायच्या. औषध असं घट्ट, की जरा रेंगाळलं तर सुईतच अडकून बसावं. पाण्यासारखी औषधं कोणीही देईल. हे द्यायला माझ्यासारखी खानदानी काच आणि बाईंसारखा हात लागतो.

तिसऱ्या पुनवेला वारलूने दारातच अडवलं. "बाई, दुखनं तं गेलं. पोरगी उड्या मारून राह्यली. मंग आता सुई काऊन? उगाच रडवता तिले."

ही चूक मी पुढे कितीतरी घरांत पाहिली. दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, आजार गेला.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी छाती तपासायची नळी वारलूच्या कानांना लावली आणि दुसरं टोक कमळाच्या हाती दिलं. तिने ते आपल्या छातीवर धरलं. प्रत्येक ठोक्यामागे फाटक्या भात्यासारखी फुसफुस येत होती. मग टोक बुधरीच्या छातीवर ठेवलं. तिथे नुसती धडधड, नितळ.

वारलूने नळी काढून बाईंच्या हाती दिली. कमळा म्हणाली, "बाबा, इले घेऊ द्या सुई. माह्यावानी नोको होऊ देऊ."

त्यानंतर वारलू स्वतःच बुधरीला धरून बसवू लागला.

आणि आली आखाडीची पुनव. बाई मूलच्या, त्यांना काय ठाऊक की याच पुनवेला कोसमटोला 'बांधतात' म्हणून. रोगराई आत येऊ नये यासाठी पुजारी शिवेवर दोर ताणतो. मग पाच दिवस आतल्याने बाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेरच्याने आत. आम्ही भिजत पोचलो तर समोर दोर, आणि दोरापलीकडे इसरू पुजारी उभा.

"आज नाई, बाई. पाच दिसानं या."

मागे नाल्याचं पाणी चढत होतं. एकदा नाला भरला की पंधरा दिवस वाट बंद, आणि तिकडे औषध चांद्याला जायला टपलेलं. माझ्या काचेला घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

बाई दोराला शिवल्या नाहीत. तिथेच छत्री धरून उभ्या राहिल्या. "इसरूभाऊ, तुमचं बंधन मी नाई मोडत. पन बुधरीची सुई आज चुकली तं पुढं मिळनार नाई. तुमीच सांगा, का करू?"

वारलू बुधरीला घेऊन आला होता. पुजाऱ्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली. दोराकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पायानं शीव नोको ओलांडाले. हाताचं जुन्या लोकाईनं काई सांगतलं नाई."

झालं. बाईंनी छत्रीखाली स्पिरिटच्या दिव्यावर मला उकळलं. बुधरी दोराच्या आत, बाई दोराच्या बाहेर. वारलूने पोरीचा हात दोरावरून पुढे धरला. एरवी माझी जागा कमरेखाली, पण त्या दिवशी दंडावर भागवलं. एका दमात सगळं औषध आत गेलं, एक थेंब अडकला नाही. पोरगी ओरडली, इसरूने मान फिरवली. आमचं पाऊल आत पडलं नाही, तिचं बाहेर पडलं नाही. इतकी अभिमानाची घडी माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

पुढच्या थंडीत कमळा गेली. आमची पुनव चार दिवसांवर होती. त्या पुनवेलाही वारलूने बुधरीला धरून बसवलं. डोळे पुसत होता, पण हात ढिला सोडला नाही.

आता एकोणसाठ साल चालू आहे. उकळताना मला तडा गेला, म्हणून कापसात गुंडाळून फळीवर ठेवलंय. माझ्या जागी नवी आली आहे, जरा अवखळ आहे, शिकेल. माझं मागणं एवढंच, की गुडघा बरा झाला म्हणून सुई सोडू नका, आणि गाव दूर आहे म्हणून सुई नाकारू नका.

परवा मी फळीवरून पाहिलं. बुधरी दवाखान्याची पायरी चढून आली. पाठीवर शेजारचं सहा वर्षांचं पोर होतं, गुडघा सुजलेलं. पोराची आई मागून धापा टाकत येत होती. डॉक्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. "आधी बस, पोरी. दम घे."

"मले दम नाई लागला," बुधरी म्हणाली. "याचा घुडगा पाहा."