पट्टेवाला पर्च टेक्सासला गेला

मित्रांनो, माझ्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ लोंबताहेत म्हणून बिचकू नका. मी एक जुना लाकडी मासा आहे. बास नावाच्या खादाड माशाला फसवून वर आणायचं, हे माझं काम. फसवणं वाईट, हे मलाही कळतं. पण पोटासाठी प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं, आणि माझ्या पोटात तर चांगलं शिसं भरलेलं आहे.

माझा जन्म मिनेसोटातला, आर्विड कोल्स्टाड नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या तळघरातला. बाहेरचं तळं दगडासारखं गोठलेलं होतं आणि आर्विड कॉफीचे पेल्यावर पेले रिचवत मला घडवत होता. त्यानं देवदाराच्या तुकड्याचे तीन भाग केले, ते पितळी खिळ्यांनी सैलसर जोडले आणि मला न्हाणीघरातल्या टबात सोडलं. माझी शेपूट डावी-उजवीकडे लवलवली. "अरे वा रे पठ्ठ्या!" आर्विड म्हणाला. मग त्यानं मला पिवळा रंग दिला, पाठीवरून सात गर्द हिरवे पट्टे ओढले, आणि पर नारिंगी केले. खोटं कशाला बोलू, मी फार देखणा होतो आणि मला त्याचा भारी गर्व होता.

मला मागवलं होतं पूर्व टेक्सासमधल्या वर्ना टलिस या बाईंनी, फोनवरून. "आमच्या तळ्यातले बास पर्च खातात," त्या म्हणाल्या होत्या, "तेव्हा पर्चच करा." आर्विडनं पर्चच केला. त्याच्या गावात पर्च म्हणजे हाच, लांबट, पिवळा, पट्ट्यांचा मासा.

वर्नाचा नवरा ओडेल हा त्या तळ्यावरचा एकेकाळचा पट्टीचा मासेमार. शरद ऋतूत त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून तो दिवाणखान्यातल्या खुर्चीत जो बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता हिंडाफिरायला हवं, नाहीतर पाय साथ सोडतील. पण ओडेल जेवायलासुद्धा उठेना. मक्याची भाकरी आणि चवळी वर्ना त्याच्या मांडीवर आणून द्यायची. नव्या माशाच्या लोभानं तरी तो तळ्यावर जाईल, एवढीच तिला आशा होती.

त्यानं खोका उघडला आणि मला उलटासुलटा करून पाहिलं.

"वर्ना, हे काय गं? वाघानं माशाशी लग्न केलं की काय?"

"पर्च आहे तो. मी चांगलं स्पष्ट सांगितलं होतं."

"आपला पर्च बशीसारखा गोल असतो. ह्याला इथे कोण ओळखतंय? हा तर परगावचा पाहुणा!"

तेव्हा मला उमगलं. टेक्सासमध्ये बशीसारख्या गोल, चपट्या माशाला सगळे पर्च म्हणतात. शब्द एक, मासे दोन, आणि मध्ये सापडलो मी!

तरी वर्नाचं मन राखायला ओडेल एकदा घरामागच्या लाकडी धक्क्यावर आला. त्यानं मला पाण्यात फेकलं. खाली एक जाडजूड बास होता. तो माझ्याजवळ आला, त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तोंड फिरवून निघून गेला. मित्रांनो, तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. त्यात शेजारचा हॉलिस प्रुइट त्याच्या होडीतून ओरडला, "ओडेल, मासे पकडतोयस की सर्कस दाखवतोयस?" ओडेलनं दोरी गुंडाळली. त्यानं मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं आणि परत खुर्चीत जाऊन बसला.

सहा आठवडे मी तिथे लटकलो. माझ्यावर तेलाचा धूर बसला. वर्ना भांडी घासताना माझ्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. मला वाटायचं, हिचा नवरा खुर्चीतून उठत नाही, ह्यात माझाही दोष आहे.

एके दिवशी तिनं चिडून आर्विडला फोन लावला.

"मी पर्च सांगितला होता ना तुम्हाला?"

"पर्चच दिलाय, बाई."

"हा पर्च? आमच्याकडे ह्याला कुत्रं विचारत नाही!"

दहा मिनिटं दोघं कडाकडा भांडले, तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. आर्विड एवढा हसला, एवढा हसला, की त्याला ठसका लागला. मग तो म्हणाला, "बाई, त्या लांबट लाकडाचा गोल मासा काही होणार नाही. पण रंग बदलता येतो. तुमचे बास आणखी काय खातात?"

"मला काय ठाऊक? मी त्यांच्या घरी जेवायला जाते का?"

"मग त्यांचं पोट बघा. पोट खोटं बोलत नाही."

वर्ना मला खिळ्यावरून काढून तडक हॉलिसकडे गेली. तो पकडलेला बास साफ करत होता. तिनं सुरी मागितली आणि माशाचं पोट स्वतः चिरलं. आत शॅड नावाचे तीन छोटे मासे निघाले, लांबट, चांदीसारखे, गालामागे काळा ठिपका असलेले. गोल पर्च एकही नव्हता. "आत्ता ह्या दिवसांत हेच खातात," हॉलिस म्हणाला. "मला विचारायचं की!"

घरी येऊन तिनं दिवाणखान्यात ओडेलसमोर बसून सँडपेपरनं माझे पट्टे घासले. फार दुखलं हो. रूप जाताना कुणाला बरं वाटतं? मग तिनं माझ्या अंगावर नखांचं मोतिया पॉलिश फासलं, पाठ करडी केली, आणि काळ्या रंगात काडी बुडवली.

"तिथे नको!" खुर्चीतून आवाज आला. "जरा पुढे घे. गालाला लागून."

वर्नानं मान वर केली नाही. ठिपका तेवढा पुढे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मी मासे धरायला चाललेय. येऊन नुसतं बसायचं असेल तर बस." ओडेल कुरकुरत, तिचा हात धरत आला आणि धक्क्यावरच्या खुर्चीत बसला. वर्नानं उभ्या जन्मात मासा धरला नव्हता. तिनं मला फेकलं आणि काठीवरचं दोरीचं रीळ गरागरा फिरवायला लागली. माझा जीव कासावीस झाला.

"अगं हळू!" ओडेल ओरडला. "मासा आहे तो, आगगाडी नाही!"

"मला जमतंय."

"डोंबल जमतंय! मध्ये थांब. त्याला जरा मरतुकड्यासारखा बुडू दे."

वर्नानं मुद्दाम आणखी जोरात फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा खुर्ची करकरली. ओडेल उठला होता. कुणाचा हात न धरता चार पावलं चालून तो तिच्या मागे उभा राहिला आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "दोन वेढे. थांब. आता दोन."

मी बुडालो, लवलवलो, थांबलो. आणि खालून तो जाडजूड बास असा आला म्हणता! गपकन त्यानं मला गिळलं. काठी वाकली, वर्ना किंचाळली, आणि ओडेल गुडघ्यावर बसून धक्क्यावरून वाकला. त्यानं त्या बासचा खालचा ओठ धरून त्याला वर उचललं. ओडेलला धाप लागली होती, पण चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू! त्यांनी बासच्या तोंडातला गळ अलगद काढला आणि त्याला परत सोडून दिलं. माझ्या अंगावर दातांचे ओरखडे उमटले. मी ते बुजवू दिले नाहीत असं म्हणेन, पण बुजवलेच कुणी नाहीत.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. ओडेल मला फडक्यानं कोरडं करतो, पितळी खिळ्यांना तेलाचा थेंब लावतो. तुम्हीही आपल्या जुन्या वस्तूंना एवढं तरी करत जा. आणि मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं खुर्चीत रुतून बसलं असेल, तर त्याला उपदेश करत बसू नका. त्याला जे उत्तम येतं, ते त्याच्यासमोर मुद्दाम चुकीचं करून बघा.

बघा उठतं की नाही.