चार नंबरच्या सासूबाई

सकाळच्या पाळीला आमच्या सर्जिकल वॉर्डात सहा सिस्टर लागतात. त्या दिवशी चार होत्या. एकीचं मूल तापाने फणफणलं होतं, दुसरीचा फोन लागत नव्हता. इन्चार्जबाई दिवसभराच्या ट्रेनिंगला गेल्या होत्या, आणि त्या नसल्या की वॉर्ड माझ्याकडे येतो. मी असिस्टंट इन्चार्ज. म्हणजे सिस्टरांना मी साहेबांची माणूस वाटते आणि साहेबांना सिस्टरांची.

त्यातच ऑपरेशन थिएटरमधून फोन आला की, मानेच्या गाठीचा एक पेशंट वर पाठवतोय.

"घरचं झालं थोडं," पोछा मारता मारता मावशी म्हणाल्या, "अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

"घोडं नाही, सुतार आहे," मी म्हणाले. "सात नंबर तयार करा."

कोणत्या सिस्टरकडे कोणते पेशंट द्यायचे हे मीच ठरवते. त्याचा एक साधा नियम आहे. धोका जिथे सगळ्यात वेगाने येऊ शकतो, तिथे सगळ्यात अनुभवी डोळे ठेवायचे. आमच्याकडचे सगळ्यात अनुभवी डोळे घारीचे. सगळे तिला तोंडावरही घारच म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. पेशंटचं काहीतरी बिनसतंय हे मशीन सांगायच्या आधी ती सांगते.

गेले दोन दिवस घारीकडे चार नंबर होता. चार नंबरला माझ्या सासूबाई होत्या. आतड्याला पीळ पडून त्या अचानक ॲडमिट झाल्या. काळा पडलेला तुकडा काढून सर्जननी आतड्याची दोन टोकं जोडली होती. हा जोड सुटलाच, तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातच सुटतो. त्यांना घार द्यायचं इन्चार्जबाईंनी ठरवलं होतं, मी मागितलं नव्हतं. पण आदल्या दिवशी चहाच्या खोलीत शिरता शिरता माझ्या कानावर पडलं होतं, "सुनेचा वॉर्ड म्हटल्यावर काय, सासूबाईंना घार आणि बाकीच्यांना चिमण्या." मी आत गेले तेव्हा सगळ्या बिस्किटांच्या पुड्यात डोकं घालून बसल्या होत्या.

त्या सकाळी मी घार सुताराला दिली. मानेच्या ऑपरेशननंतर आतल्या आत रक्त साचलं, तर श्वासनळी दाबली जाते आणि काही मिनिटांत माणूस हातातून जातो. असा पेशंट वॉर्डातल्या फक्त घारीने पाहिलेला होता. सासूबाई मी नवीकडे दिल्या. नवी गेल्या महिन्यात लागली होती, हुशार होती, पण "सॉरी" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. नियमाने पाहिलं तर माझा निर्णय बरोबर होता. तो जाहीर करताना मला हलकंही वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचा नियमाशी काही संबंध नव्हता.

माझी नणंद ड्रायव्हिंग शिकवते. भेटायच्या वेळेला ती आली आणि दोन मिनिटांत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, आईकडची ती डोळे वटारणारी सिस्टर कुठे गेली?"

"सात नंबरला. तिथे तिची जास्त गरज आहे."

"आणि आईला कोण? ती पोरगी? मला म्हणाली, सॉरी, मी आत येऊ का? अगं, सिस्टर तू आहेस की मी?"

"तिला येतं सगळं. मी आहे ना लक्ष ठेवायला."

"माझ्याकडे शिकाऊ आला की मी त्याला मोकळ्या मैदानात गाडी देते, घाटात नाही. आणि मैदानातसुद्धा माझा पाय ब्रेकवर असतो." तिने आवाज खाली आणला. "लोकांच्या सुना आपल्या माणसांसाठी ओळखी शोधत फिरतात. आणि तू?"

"इथे सगळे पेशंट सारखे असतात."

"हो ना. मग आईही सारखीच असू दे की. कमी नको."

ती निघून गेली. मला राग आला. तिचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, म्हणून तो जास्त आला.

थोड्या वेळाने मी राउंड घेतला. चार नंबरच्या तक्त्यावर नाडी एकशे चार होती. आदल्या दिवशी ती नव्वदीच्या आत होती. ताप किंचित. सासूबाई गुडघे वर घेऊन पडल्या होत्या आणि डोळे मिटलेले होते.

"आई, दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. "तू जा, तुझी कामं कर. माझ्यापाशी घुटमळू नकोस."

दुसरा कुणी पेशंट असता तर मी चादर बाजूला करून पोटावर हात ठेवला असता. माझा हात तेवढा पुढे गेलाही होता. पण पलीकडच्या बेडपाशी चिमण्यांपैकी एक सलाइन बदलत होती आणि तिरक्या नजरेने आमच्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला. "तासाभराने नाडी पुन्हा बघ," एवढंच नवीला सांगितलं आणि पुढच्या बेडकडे गेले.

मग वॉर्डाने मला गिळलं. एका पेशंटला घरी सोडायचं होतं आणि त्याचे तीन मुलगे त्याला कोणाच्या घरी न्यायचं यावर माझ्यासमोर भांडत होते. लॅबने रक्ताची एक बाटली परत पाठवली. सुतार सकाळीच वर आला होता. बोलायला मनाई होती म्हणून त्याने खुणेने मला बोलावलं आणि बेडच्या एका पायाकडे बोट दाखवलं. पाय तिरका होता. घार त्याच्या उशाशी उभी राहून त्याची मान न्याहाळत होती. "काका, बेड मग दुरुस्त करा," ती म्हणाली, "आधी गिळून दाखवा."

मी वळले तर तिने माझी बाही धरली.

"ताई, चार नंबर."

"काय झालं?"

"सातला सोडून मी गेले नाही. पण इथून दिसतंय ना. दोन दिवस मी त्यांना सांभाळलंय. त्या सारख्या बोलतात. डाळीला चव नाही, पंखा कुरकुरतो, नळ गळतो. आज सकाळपासून एक तक्रार नाही."

"झोप लागली असेल."

"श्वास बघा त्यांचा. झोपलेल्या माणसाचा तो नाही."

"नवी आहे तिथे. तिला मी—"

"ताई, रागवा हवं तर." घारीने माझी बाही सोडली, पण नजर सोडली नाही. "ही बाई तुमची कोणी नसती, तर आतापर्यंत तुम्ही तीनदा हात लावून आला असता."

तीन बेडांचं ते अंतर मी जवळजवळ पळत कापलं.

चादर बाजूला केली. पोट फळीसारखं टणक होतं. मी जेमतेम बोटं टेकवली तर सासूबाईंच्या तोंडून हुंकार निघाला आणि त्यांनी तो ओठांत दाबून धरला. नाडी एकशे सव्वीस. हातपाय गार, कपाळ तापलेलं. सकाळपासून लघवीही जेमतेम झाली होती.

"सॉरी, ताई," नवी म्हणाली. "तासाने नाडी बघितली, वाढली होती. पण आजी म्हणाल्या, आत्ताच उठून बसले होते म्हणून वाढलीय. त्या म्हणाल्या, बरं वाटतंय."

"तिला बोलू नकोस." सासूबाईंचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. "मीच म्हटलं तसं. सुनेच्या वॉर्डात कण्हत बसले असते, तर सगळ्यांनी तुलाच नावं ठेवली असती."

मी नवीला ऑक्सिजन लावायला आणि दुसरी सलाइन सुरू करायला सांगितलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ते वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत आणि फोनवर नेहमी घाईत असतात.

"सर, चार नंबरचं पोट टणक झालंय. जोड सुटला असावा. तुम्ही लगेच या."

"चार नंबर म्हणजे तुमच्या सासूबाई ना?"

"हो."

"सिस्टर, आपलं माणूस असलं की काळजी वाटतेच. दुखण्याचं इंजेक्शन द्या. ओपीडी संपली की बघतो."

"नाडी सकाळी एकशे चार होती, आता एकशे सव्वीस आहे. श्वास मिनिटाला तीस. लघवी जवळजवळ नाही. हे काळजीचं नाही, तक्त्यावरचं सांगतेय."

"सकाळी एकशे चार होती, तर सकाळी का नाही कळवलंत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी जे उत्तर होतं ते फोनवर देण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही येताय का, सर?"

"सांगितलं ना, ओपीडी संपली की."

मी फोन ठेवला आणि थिएटरचा नंबर लावला. डॉक्टरांना ओलांडून थेट सर्जनना फोन करणं आमच्याकडे चालत नाही. तिथल्या सिस्टरला मी रिसीव्हर सर्जनच्या कानाला लावायला सांगितलं. नातं सांगितलं नाही. वय, ऑपरेशनचा दिवस, पोट, नाडी, श्वास, लघवी एवढंच सांगितलं. पलीकडे एक चिमटा ताटलीत पडल्याचा आवाज आला.

"पोटावर हात कोणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"इथलं संपत आलंय. त्यांना खाली आणा. रक्ताची सोय करा."

आम्ही स्ट्रेचर दाराशी नेतो न नेतो तोच ड्यूटीवरचे डॉक्टर धापा टाकत वर आले. थिएटरमधून त्यांनाही फोन गेला असणार.

"माझ्या डोक्यावरून सरांना फोन केलात?"

"हो, सर. तक्रार उद्या लिहा. आत्ता डाव्या बाजूने स्ट्रेचर धरा."

त्यांनी धरलं.

थिएटरच्या दारापर्यंतच मला जाता आलं. वर चार सिस्टर, भरलेला वॉर्ड आणि त्याला मी एकटी. मी कळवल्यावर परत आलेली नणंद दाराबाहेरच्या बाकावर बसली. मी तिला म्हणाले, "मला वर जावं लागेल." तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला हे मला नीट सांगता येणार नाही. मी औषधं तपासली, दुपारच्या पाळीसाठी एकीला घरून बोलावलं, तीन मुलग्यांच्या बापाला धाकट्याकडे रवाना केलं. नवी औषधाच्या खोलीत रडत होती. "तुझं चुकलं ते मी तुला उद्या सांगेन," मी म्हणाले. "आज तुला पाच पेशंट आहेत. तोंड धू." चार नंबरचा बेड रिकामा होता आणि मावशींनी त्यावरची चादर बदलली नव्हती. मी तिकडे बघायचं टाळत होते. सुताराला काहीही झालं नाही. तो पाणी प्यायला, आणि घारीने त्याला बोलायची परवानगी दिल्यावर पहिल्यांदा बेडच्या पायाबद्दलच बोलला.

नणंद वर आली तेव्हा दुपारची पाळी सुरू झाली होती. तिचे डोळे सुजले होते, पण चालणं तिचंच होतं.

"झालं ऑपरेशन. जोड सुटला होता. पोट धुऊन काढलंय आणि शौचासाठी पोटावर पिशवी लावलीय. आयसीयूत नेलंय. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले."

मी खुर्चीत बसले.

"आणि सर्जन म्हणाले," ती पुढे बोलली, "वरच्या सिस्टरने वेळेवर ओळखलं. उशीर झाला असता तर आत घेऊनही उपयोग नव्हता." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, सकाळी मी तुला काय काय बोलले. माझी जीभ म्हणजे ना, तिलाच ब्रेक नाही. माफ कर गं."

तो हात तिथेच राहू द्यायला काहीच लागलं नसतं. मी गप्प बसले असते, तरी पुरलं असतं.

"वेळेवर नाही," मी म्हणाले. "सकाळी राउंडलाच नाडी वाढलेली होती. मी बघितली होती."

"मग?"

"पोटाला हात लावायला हवा होता. नाही लावला."

"विसरलीस?"

"नाही. सगळे बघत होते. वाटलं, म्हणतील, सासू आहे म्हणून धावली. पुढे घार बोलल्यावर गेले. आईही मला नावं ठेवतील म्हणून कण्हल्या नव्हत्या."

तिने हात काढून घेतला.

"म्हणजे आई तुला नावं ठेवतील म्हणून कण्हली नाही," ती सावकाश म्हणाली, "आणि तू तुलाच नावं ठेवतील म्हणून हात लावला नाहीस. काय गं तुम्ही दोघी."

"घार सात नंबरला दिली, ती मी पुन्हा देईन. पण हात लावला नाही ते—"

"दादाला सांगितलंस?"

"आई पुन्हा थिएटरमध्ये आहेत एवढंच कळवलं. निघालाय तो."

"बाकीचं मी सांगणार नाही." तिने पर्स खांद्याला अडकवली. "मला सांगितलंस तसंच त्यालाही सांग. सांभाळून घ्यायला मी मध्ये बसणार नाही. मी आईपाशी आहे."

पाळी संपूनही थांबलेल्या घारीला मी थोडा वेळ वॉर्ड बघायला सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही.

नवरा मला जिन्यातच भेटला. लिफ्टची वाट न बघता तो दोन-दोन पायऱ्या चढत येत होता.

"आई?"

"ऑपरेशन झालंय. आयसीयूत आहेत, अजून शुद्धीवर यायच्या आहेत."

त्याने कठड्याला धरून श्वास घेतला. मग कपाळ पुसत म्हणाला, "तू होतीस म्हणून बरं."

"बस इथे," मी म्हणाले, आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसले. "सकाळपासूनचं सांगते."