चपलांना रकाना नाही

चार वर्षं एकाच खिडकीसमोरची माणसं मोजून गोपिका गजभिये पार कंटाळून गेली होती. धरमपेठेतल्या सेवा संशोधन केंद्रात ती सहायक होती. नाव घसघशीत, जागा मात्र भाड्याच्या दोन खोल्यांची. दवाखाना, पोस्ट, बसस्टँड इथं लोकांना मिळणारी सेवा सुधारायच्या नव्या वाटा आपल्याच माणसांनी शोधाव्यात, म्हणून सरकारनं हे केंद्र काढलं आणि ती विद्या शिकवायला डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी करार केला. विद्या आली ती छापील फॉर्मांच्या रूपानं. दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीसमोर उभी असलेली माणसं दर पंधरा मिनिटांनी मोजायची आणि आकडा रकान्यात भरायचा.

आकडा कधी तीन, कधी चार. उभं राहतं कोण? पहाटे आलेला माणूस आपल्या चपला रांगेत ठेवतो आणि निंबाखाली जाऊन बसतो. जवळ असेल तो सगळ्यांच्या चपला पुढं सरकवतो, त्यात कधी लबाडी होत नाही. पहिल्याच दिवशी गोपिकानं समासात लिहिलं होतं, 'चपला एकशे सात'. केंद्राचे प्रमुख मनोहरराव कोटाच्या खिशात खोडरबर बाळगत. त्यांनी ते स्वतःच्या हातानं पुसलं. "चपलांना रकाना नाही, बाई. फॉर्म बिघडवला तर करार बिघडेल." तिनं मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा तिला आजही राग येई.

आणि आता, अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात, प्रोफेसर लारसेन डेन्मार्कहून आले ते शेवटच्या अहवालावर सही करायला. अहवाल म्हणत होता, इथं लोकांना थांबावंच लागत नाही. सबब करार संपवावा. सही झाली की केंद्राला कुलूप आणि गोपिका गावाकडं, उमरेडच्या बसमध्ये. घरातली पहिली एम.ए. पोरगी चार वर्षं खोटे आकडे भरून परत आली, हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सहीआधी प्रोफेसरांना ती आदर्श खिडकी बघायची होती. सकाळी नऊला ते, मनोहरराव आणि गोपिका असे तिघं दवाखान्यात पोचले. खिडकीशी चार माणसं पाहून साहेब खूश झाले. मग त्यांना चपलांची लांबलचक ओळ दिसली. माणूस रीतभात पाळणारा. इथं पादत्राणं काढायची असतात असं समजून त्यांनी बूट काढले आणि ओळीच्या शेवटी नीट जोडून ठेवले.

"ओ साहेब!" निंबाखालून एक म्हातारी ओरडली. उमरेडची सिंधूताई, गुडघ्यांसाठी तिसऱ्यांदा आलेली. "तुमचा नंबर माह्या मांगं, ध्यानात ठेवजा!"

"काय म्हणतात त्या?" प्रोफेसरांनी इंग्रजीत विचारलं.

"नमस्कार म्हणतात," मनोहरराव घाईनं म्हणाले.

गोपिकाला आता खोटं नको झालं होतं. "नाही सर. तुमचा नंबर एकशे बारावा आहे." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, पुसलेल्या आकड्यासकट. मनोहररावांचा चेहरा उतरला.

प्रोफेसरांनी ती ओळ बोटानं मोजून पाहिली. "मग मी थांबतो," ते म्हणाले आणि मोज्यांनिशी निंबाखाली जाऊन बसले. सिंधूताईनं सरकून जागा दिली, अर्धी भाकर दिली.

एक वाजता खिडकी खाडकन बंद झाली. ब्याऐंशी नंबर झाले होते. निंबाखालची माणसं उठून पिशव्या गोळा करू लागली.

"चार तास बसलो मी!" प्रोफेसर लाल झाले होते. "याची नोंद कुठं होते?"

गोपिकानं अहवालाचं शेवटचं पान म्हणून जोडायचा आजचा फॉर्म पुढं केला. एक वाजून पंधरा मिनिटं, उभी माणसं शून्य. शेजारी प्रोफेसरांच्या सहीची जागा कोरी होती. "इथं, सर."

सिंधूताई वाकून चपला उचलत होती. "साहेब, जोडे घ्या आपले, नाहीतं चोरी जातीन. उद्या पहाटे चारले या, मी नंबर धरून ठेवतो."

गोपिकानं ते इंग्रजीत सांगितलं.

प्रोफेसरांनी पेन उघडलं. सहीची जागा तशीच सोडून त्यांनी समासात लिहिलं, 'चपलांच्या एकोणतीस जोड्या, बुटांची एक.'

मनोहररावांचा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला.

"राहू द्या, सर," गोपिका त्यांना म्हणाली.