पुसू नये

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. कोपरा उडालेला, रंग विटलेला. पण मोडीत गेलेलो नाही आणि जाणारही नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

माझी उमेदीची वर्षं शाळेत गेली. नवा पांढराशुभ्र फळा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना मला घरी आणलं. पुढे त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा विसरल्या, मग गॅस, मग पोटच्या मुलाचं नाव. तेव्हा खालच्या मजल्यावरची शिंपीण, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, पदर खोचून उभी राहिली. तिनं मला दाराशी टांगलं आणि पाळ्या लिहिल्या. सकाळी शेजारच्या नर्सताईंनी गोळ्या द्यायच्या, दुपारी समोरच्या पोस्टमनकाकांनी सोबत बसायचं, संध्याकाळी तिनं फिरायला न्यायचं. कोणाला अडचण आली की तो माझ्यावर लिहून बदली मागायचा.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही. तास संपला की बाई फळा पुसतात!

त्या दिवशी काकांनी सकाळीच लिहिलं होतं, 'आज दुपारी जमणार नाही.' बाईंनी मला लख्ख पुसलं. शिंपिणीला काही कळलंच नाही. दुपारी कोणी आलं नाही आणि बाई निघाल्या. दोन तासांनी शाळेच्या फाटकाशी सापडल्या, अनवाणी.

मुलगा कडाडला, "पुरे झाला हा पोरखेळ! आईला मी संस्थेत ठेवतो. आणि हा फळा आधी भंगारात द्या!"

"फळ्यावर कशाला राग काढतोस, दादा?" शिंपीण म्हणाली. "चूक आमची आहे. एक आठवडा दे."

माझा तर नुसता तिळपापड झाला. चाळीस वर्षं पुसून घेतलं, तेव्हा कोणी विचारलं का?

शिंपिणीनं बाईंच्या हातात खडू दिला. "बाई, उद्याचं लिहून ठेवलंय. वर तुमचं नेहमीचं लिहा ना, शाळेत मजकूर राखायचा असला की लिहायचात ते."

बाईंनी तिला ओळखलं नाही. हात मात्र आपसूक उठला. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'पुसू नये', आणि भोवती चौकट आखली.

दुसऱ्या दिवशी डस्टर घेऊन आल्या, चौकट वाचून थबकल्या. "राहू दे. दुसऱ्या कोणाचं तरी काम असेल."

आठवडाभर एकही पाळी चुकली नाही. मग मुलानंच खडू उचलला आणि रविवार स्वतःकडे घेतला. पहिल्याच रविवारी स्वारी दहा मिनिटं उशिरा!

"उशीर का झाला?" बाईंनी दरडावलं. "बस खाली."

त्याचं नाव त्यांना आठवलं नव्हतं. तरी तो निमूट बसला, डोळे पुसत.

मित्रांनो, आठवण गेली म्हणून माणूस मोडीत काढायचा नसतो. तुमच्या शेजारी असं कोणी असेल, तर एक पाळी घ्या. आणि मला भंगारात घालू पाहणाऱ्यांनो, आधी त्या चौकटीतलं वाचा. बाईंनी लिहिलंय!