चार टेबलांची जागा

गेल्या वर्षी जर्मनीतल्या आमच्या गावाने फुटपाथाची फी वाढवली. दुकानाबाहेर टेबलं मांडायची तर त्या जागेचे पैसे पालिकेला आधीही द्यावे लागत, पण आता ते तिपटीने वाढले, आणि चौकातल्या बड्या रेस्टॉरंटला जो दर तोच माझ्या वडापाव-मिसळीच्या दुकानाला लागला. माझं दुकान आतून एवढंसं, की दोन धष्टपुष्ट माणसं शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच ऑर्डर द्यावी. दुकान म्हणजे खरं तर बाहेरची चार टेबलं. ती गेली की दुकान गेलं, हे कळायला एमबीए लागत नाही.

छोट्या दुकानांसाठी सवलत ठेवली होती. मात्र ती द्यायची की नाही, हे जागा पाहून अधिकाऱ्याने ठरवायचं होतं.

ऑक्टोबरात राटहाऊसमधून, म्हणजे पालिकेतून, फ्राऊ लिंडनर या अधिकारी आल्या. पाठीला सॅक, हातात टेप. त्यांनी फुटपाथ मोजला, टेबलं कुठवर येतील ते दाखवणारे चार कोपरे पांढऱ्या रंगाने आखले आणि मग दारातून आत डोकावल्या.

"आत तर बसायला जागाच नाही," त्या म्हणाल्या. "मी सवलतीची शिफारस करते. निकाल डिसेंबरात कळेल."

जर्मन अधिकाऱ्याने एवढं बोलणं म्हणजे आपल्याकडे पेढे वाटण्यासारखंच. मी घरी येऊन सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं म्हणायचं, कारण अण्णा ऐकत होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, आत्माराम. दिवाळीला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच. पुण्याच्या महापालिकेत परवाना खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. टेबलाखालून कधी एक रुपया घेतला नाही, हे ते स्वतः सांगतातच, पण दुसरेही सांगतात. दिवाळीचा फराळ मात्र घ्यायचे. लाच वेगळी आणि फराळ वेगळा, यात त्यांना कधीच घोळ वाटला नाही.

दिवाळीत त्यांनी सासूबाईंच्या पद्धतीने बेसनाचे लाडू वळले, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बेदाणा. सासूबाईंचं नाव कोरलेला स्टीलचा डबा ते पुण्याहून बरोबर घेऊन आले होते. तो त्यांनी लाडवांनी भरला आणि आम्हाला कोणाला न सांगता बस पकडून राटहाऊस गाठलं. फ्राऊ लिंडनर जागेवर नव्हत्या, म्हणून खाली रिसेप्शनवर आपली ओळख सांगून ठेवून आले. वर माझ्या दुकानाचं कार्ड चिकटवायला विसरले नाहीत.

"बाईंनी एवढं काम केलं," ते परत येऊन म्हणाले. "तोंड गोड नको करायला?"

मी वडे तळत होते. बारा वर्षं या देशात काढलीत. इथे अधिकाऱ्याला कॅलेंडर द्यायचं तरी माणूस दहादा विचार करतो. पण समोर सत्तरी ओलांडलेला माणूस, चेहऱ्यावर बायको गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी नीट पार पाडल्याचा आनंद. मी म्हटलं, "बरं केलंत, अण्णा."

त्याच आठवड्यात फ्राऊ लिंडनर दुकानात आल्या. अण्णा नदीकाठी फिरायला गेले होते. बाईंनी कापडी पिशवीतून डबा काढून दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला. तो उघडलेलाही नव्हता.

"मला हे वर कळवावं लागलं," त्या म्हणाल्या. "तुमचं प्रकरण आता दुसऱ्या सहकाऱ्याकडे आहे. तुमच्या सासऱ्यांचा हेतू मला कळतो. खरंच कळतो. पण यापुढे मी यात काही बोलू शकत नाही."

मी चहा विचारला. त्या नको म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

डबा मी तळघरात नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी अण्णांचा असा राग आला, की त्यांच्या ताटात आमटी वाढताना मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. सकाळी उठले तर रागही नव्हता. काहीच नव्हतं. बटाटे उकडले, सोलले, मिरच्या वाटल्या.

निकाल डिसेंबरात आला. सवलत नाही. नवा अधिकारी जागा बघायलाही आला नव्हता, पण त्याला तरी काय बोलणार? सवलत दिली असती तर लाडू पचले असंच लोकांनी म्हटलं असतं. त्याच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि नुकसान तेवढं माझं.

माझा नवरा प्रणव नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "आल्झो, तर मग अपील करू या ना. अजून टाइम आहे."

"अपिलात काय सांगू? लाडू का दिले ते?"

त्याने जॅकेट काढून खुंटीला लावलं. मग म्हणाला, "अण्णांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस."

"गेनाऊ, अगदी तेच," मी म्हटलं.

दुकानाच्या जागामालकाला फोन करून जूनअखेर जागा सोडते म्हणून कळवलं. फोन करताना मी कोथिंबीर निवडत होते. फोन ठेवला आणि राहिलेली जुडी निवडून संपवली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. जानेवारीभर मी तशीच होते, पाण्यात भिजत राहिलेल्या हातासारखी बधिर.

अण्णांच्या परतीच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"अगं अरुंधती, त्या बाईंकडून डबा तेवढा मागून घे. हिचा आहे, म्हणून म्हणतो."

खोटं बोलायचं तर तीच वेळ होती. पण डबा सासूबाईंचा होता. मी तळघरात गेले. एकावर एक रचलेल्या चार टेबलांवर तो होता. आणून त्यांच्यासमोर ठेवला.

अण्णांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बघ," ते म्हणाले. "रिकामा नाही परत दिला. रीतभात कळते हो या लोकांना. आणि तुम्ही उगाच नावं ठेवता."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. त्यांनी झाकण उघडलं.

बेदाणे जागच्या जागी होते. अण्णा खूप वेळ पाहत राहिले. ज्याचा जन्म परवाना खात्यात गेला त्याला अजून काय समजावून सांगायचं? त्यांनी झाकण हळूच परत लावलं.

"आमच्या खात्यात एक साहेब होता," ते म्हणाले. "फराळाचे डबे तसेच परत पाठवायचा. आम्ही त्याला माणूसघाणा म्हणायचो."

त्यांनी बाहेर फुटपाथाकडे पाहिलं.

"टेबलं?"

"नाही मिळाली."

"आणि दुकान?"

"जूनपर्यंत."

ते उठले आणि डबा घेऊनच बाहेर गेले. फुटपाथावर पांढरे कोपरे अजून स्पष्ट होते. त्या चौकोनाच्या मधोमध ते उभे राहिले, काखेत डबा, डोक्यावर प्रणवची लोकरी टोपी. मी दारात गेले.

"इथं नुसतं उभं राहिलं तर चालतं ना गं?" त्यांनी विचारलं. मघाशी बोलणारा आवाज हा नव्हता.

तेव्हा मला रडू आलं. दुकानासाठी नाही. त्यांनी ते परवानगी मागावी तसं विचारलं, त्याने आलं.

"चालतं, अण्णा," मी म्हटलं. "उभं राहायला फी नाही."

मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. लाडू कडक झाले होते, पण खवट नव्हते.